गौरीची पीएच.डी. आणि माझा उजवा हात

आमचा टीव्ही हुशार आहे, असं मी पाच वर्षं सगळ्यांना सांगत होतो. टीव्ही स्वतः तसं एकदाही म्हणाला नाही.

तो घेताना माझी बायको नलिनी म्हणाली होती की साधा मोठा टीव्ही घेऊ आणि सिनेमा-बिनेमा पाहायला मागे ती बोटाएवढी स्टिक लावू. मला ते फार मागासलेपणाचं वाटलं. सगळी अ‍ॅप टीव्हीच्या पोटातच असताना बाहेरून लटकन कशाला लावायचं? मी तिला दुकानातच वीस मिनिटं समजावून सांगितलं. (समजावून सांगणं हा माझा पेशाच आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला कंटाळा आला हे माझ्या उशिरा लक्षात येतं.) मग मी तो टीव्ही आमच्या जठारपेठेतल्या हॉलमध्ये भिंतीला अगदी चिकटवून बसवून घेतला. मागे जेमतेम चार बोटं फट. वायर दिसायची नाही. पाहुणे आले की मी त्यांना भिंतीला गाल लावून ती फट बघायला सांगायचो, आणि सभ्य माणसं बिचारी बघायचीही.

पहिली दोन वर्षं संसार सुखाचा झाला. पुढे टीव्हीच्या डोक्याचं वय झालं. पडदा नवाकोरा, पण बटण दाबून चहा टाकावा, गाळावा, प्यावा, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात यायचं की आपल्याला काहीतरी विचारलंय. नंतर एकेका अ‍ॅपने निरोप घेतला. 'या टीव्हीवर आता चालणार नाही' एवढी पाटी दाखवून ती निघून जायची. नलिनीने स्टिकचा विषय काढला की मी सांगायचो, कमी पाहणं डोळ्यांना चांगलं.

अशात आमच्या गौरीच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आली.

गौरी जर्मनीत असते. तिचा विषय संत्र्याच्या झाडाला होणारा डिंक्या. या रोगात खोडातून डिंक गळतो आणि उभं झाड वाळून जातं. हा विषय तिला विद्यापीठाने दिलेला नव्हता, आजीने दिला होता. माझ्या सासूबाईंना, आम्ही सगळे त्यांना मायच म्हणतो, शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग आहे. सासरे गेल्यापासून ती बाग त्या एकट्या सांभाळतात. शाळेच्या सुट्टीत गौरी तिथे असायची. मायनी तिला सात-आठ वर्षांची असताना एका झाडाचा डिंक बोटावर घेऊन दाखवला होता आणि म्हटलं होतं, हे झाड रडून राह्यलं, काहून रडते ते तू शोध. पोरगी शोधत शोधत जर्मनीला पोचली.

परीक्षा आपल्याकडच्या दुपारी साडेतीनला होती आणि घरच्यांना लिंकवरून पाहता येणार होती. मायच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. फोनवर त्यांना माणूस दिसतो, पण कोणता माणूस ते दिसत नाही. मी त्यांना फोनवर मोठ्या रुबाबात म्हटलं, की माय, तुम्ही इकडे या, आमच्या टीव्हीवर नात तुम्हाला खरीखुरी असते तेवढी दिसेल. बहात्तर वर्षांची ती बाई दोन एसट्या बदलून, अमरावतीच्या स्टँडवर तास-दीड तास ताटकळून, आदल्या दिवशीच येऊन बसली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी टीव्हीची पूर्वतयारी करायला घेतली. नलिनी म्हणाली, "आजच्या दिवस त्याले हात लावू नका." पण पडद्यावर 'नवीन सॉफ्टवेअर उपलब्ध आहे' असं लिहून आलं होतं, आणि नवीन म्हणजे चांगलं ही माझी श्रद्धा. मी होय दाबलं.

दोन तास एक गोल फिरत राहिला. तो थांबला तेव्हा ज्या अ‍ॅपवर परीक्षा पाहायची होती तेच नाहीसं झालं होतं. मी शांत होतो. अशा वेळी सगळं पुसून टीव्ही कारखान्यातून आला तसा करायचा असतो, हे मला ठाऊक होतं. मी तसा केला. त्याने विनयाने विचारलं, कोणती भाषा? नेमका त्याच क्षणी मागून नलिनीने विचारलं, "काय करून राहिले?" आणि माझा अंगठा घसरला.

त्यानंतर टीव्ही माझ्याशी जे काही बोलला ते अशा लिपीत, की जी आमच्या घराण्यात कोणी वाचलेली नव्हती. कोरियन असावी असा नलिनीचा अंदाज. मी अंदाजाने बटणं दाबत गेलो. दर वेळी टीव्ही नवा प्रश्न विचारायचा आणि मी त्याला चुकीचं उत्तर द्यायचो. (आयुष्यभर मी इतरांना जे गुण दिले त्याचा हिशेब त्या दिवशी पूर्ण झाला.) तीन वाजले. नलिनीने तिचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. माय त्याच्यापुढे वाकल्या, डोळे बारीक केले आणि जरा वेळाने सरळ होऊन म्हणाल्या, की असू द्या, आवाज ऐकला तरी झालं.

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ते समजुतीने म्हटलं. रिमोट खाली ठेवून मी पाच वर्षांत प्रथमच खरं बोललो. "माय, मले हे जमून नाही राहिलं."

मायनी आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पिशवीतल्या संत्र्यांखालून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. बोटाएवढी स्टिक होती. सोबत तिचा छोटा रिमोट.

शेंदूरजनाघाटला त्यांचा टीव्ही सोळा वर्षांचा, आणि त्याला त्यांनी केव्हाच ही स्टिक लावलेली होती. गेल्या दिवाळीत आमच्याकडे तो गोल फिरताना पाहूनच त्यांच्या मनात शंका आली होती. पण जावयाच्या घरी जाऊन जावयाच्या टीव्हीला नावं कशी ठेवणार? म्हणून त्या स्टिक घेऊन आल्या होत्या आणि मी स्वतःहून शरण येण्याची वाट पाहत सकाळपासून गप्प बसल्या होत्या.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "आपण विहिरीवर मोटर वेगळी बसवतो. मोटर जळली तं मोटर बदलते माणूस, विहीर नाही बदलत. तुमच्या टीवीत मोटर बांधकामातच बसवून देल्ली. पडदा चांगला हाय, त्याचा काई गुन्हा नाही."

दुकानात मी वीस मिनिटं जे सांगितलं होतं त्याचं इतकं स्वच्छ खंडन मी आजवर ऐकलेलं नाही.

मग त्यांनी आमचा मोठा रिमोट हातात घेतला. मी म्हटलं, माय, सगळं कोरियनमध्ये आहे. त्या म्हणाल्या, की बागेतल्या ठिबकचं यंत्र आलं तेव्हा त्याच्यावर सगळं चिनीत लिहिलेलं होतं. अक्षर वाचायला गेलं की माणूस अडकतो, चित्र बघायचं. चौकोनात शिरणाऱ्या बाणाचं चित्र असलेलं बटण त्यांनी शोधलं, दाबलं, आणि पडद्यावरच्या प्लगच्या चित्रावर जाऊन थांबल्या. आता फक्त स्टिक मागे खोचायची होती.

मागे, म्हणजे त्या चार बोटांच्या फटीत.

हे काम मी आनंदाने अंगावर घेतलं. गाल भिंतीला लावला, उजवा हात कोपरापर्यंत आत घातला, चाचपडत भोक शोधलं आणि स्टिक खोचली. तिचं वायरचं शेपूटही बाजूच्या यूएसबीत गेलं. मायच्या फोनचं नेट तिला ओळखीचं होतंच. नलिनीने त्या फोनवर लिंक पाठवली, मायनी फोनवरचं टीव्हीवर पाठवायची खूण दाबली, आणि दोघी एकदम म्हणाल्या, "आली."

मी हात काढू लागलो, तर दोघी एकदम म्हणाल्या, "गेली."

स्टिक तिरकी बसली होती. मी ती अंगठ्याने दाबून धरली की गौरी दिसायची, सोडली की काळोख. साडेतीनला दोन मिनिटं कमी होती. मायनी एवढंच सांगितलं, "आता हलू नोका."

म्हणून माझ्या एकुलत्या एक मुलीची पीएच.डी.ची परीक्षा मी पाहिली नाही. मी टीव्हीच्या बाजूला, कानाजवळ स्पीकर, तोंड हॉलकडे करून चाळीस मिनिटं उभा होतो. मला दिसत होत्या त्या फक्त समोर बसलेल्या दोघी.

पण सांगतो, मी काही चुकवलं असं मला वाटत नाही. नलिनी शाळेत इंग्रजी शिकवते. ती आईच्या कानाशी लागून हळू आवाजात एकेक वाक्य मराठीत सांगत होती. माय ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, जणू परीक्षा त्यांचीच. मधे एका परीक्षकाने काहीतरी खोचक विचारलं. नलिनीने ते सांगताच माय पुटपुटल्या की त्याले म्हणा, पाणी बुडाशी तुंबू द्यायचं नाही. आणि माझ्या कानाशी गौरीचा आवाज इंग्रजीत तेच सांगत होता.

शेवटी गौरी एका फोटोबद्दल बोलू लागली. बोलता बोलता तिचा आवाज जरा थांबला. मला काही दिसेना. माय मात्र उठल्या, पडद्यापाशी आल्या आणि हात पुढे करून त्याला लावला. त्या माझ्यापासून वीतभर अंतरावर होत्या, पण माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"हे तं माह्यं झाड होय," त्या म्हणाल्या. "अन् हे मी."

गौरीने आजीचा डिंकाचं बोट पुढे धरलेला जुना फोटो सगळ्या जर्मन प्राध्यापकांपुढे लावला होता. खाली लिहिलं होतं, 'माझी पहिली मार्गदर्शक'. नलिनीला ते वाचून दाखवणं जमलं नाही. मी ते नंतर फोनवर वाचलं. त्या वेळी माझा अंगठा बधिर झाला होता आणि डोळे पुसायला हात एकच शिल्लक होता.

गौरी पास झाली. टाळ्या झाल्या, माझ्या सोडून. मग मी हात ओढला, आणि तो येईना. घड्याळाचा पट्टा मागच्या पट्टीत अडकला होता. नलिनीने खोबरेल तेल ओतून पाहिलं, मायनी एकेक संत्रं सोलून मला भरवलं. शेवटी टीव्ही बसवून गेलेल्या मेकॅनिकला बोलावलं. पन्नाशीचा शांत गृहस्थ. त्याने खालचा एक खटका दाबला, टीव्ही दारासारखा अलगद पुढे आला आणि माझा हात सुटला. टीव्ही पुढे येतो हे मला माहीत नव्हतं.

मेकॅनिकने तेलकट मनगटाकडे पाहून नलिनीला हळूच विचारलं, की साहेब काय करतात?

नलिनी तेलाची बाटली ठेवायला आत गेली. ती खरोखर चांगली बाई आहे. पण मायना आपल्या जावयाचा फार अभिमान.

"पॉलिटेक्निकले इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात," त्या म्हणाल्या. "पोरगी त्यायच्यावरच गेली."