सात नंबरची चढाई

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आणि माझ्या बायकोपासून काही लपवून ठेवणं किती अवघड आहे, हे आमच्या घरी एकदा चहा प्यालेल्या कुणालाही विचारा. भावाला नाही, मित्रांना नाही, चार पेल्यांनंतर सगळे आपापलं ओकतात त्या बैठकीतही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — किंवा ओळखत असाल, तर एक बरा माणूस म्हणून ओळखत असाल. तेच तर मला सहन होत नाही.

गोंदियाच्या बाजारात माझं खेळाचे टी-शर्ट छापायचं दुकान आहे. आता कॉम्प्युटर आहे, मशीन आहे, पोरं मोबाइलवर डिझाइन पाठवतात. तेव्हा, म्हणजे दोन हजार सात-आठच्या सुमारास, नागपूरहून कोरे टी-शर्ट आणायचे, त्यावर जाळीची फ्रेम ठेवायची, रबराच्या पट्टीनं रंग ओढायचा आणि दोरीवर वाळत घालायचे. हाताला रॉकेलचा वास कायमचा. त्याच्याच जोडीला मी नागपूरच्या एका पेपराला आमच्या जिल्ह्यातल्या खेळाच्या बातम्या पाठवायचो. मिळकत म्हणाल तर चहापाण्यापुरती. पण बातमीच्या वर ‘क्रीडा प्रतिनिधी’ असं छापून यायचं ना — त्या दोन शब्दांसाठी मी काय वाटेल ते केलं असतं. केलंच की!

माझी एक युक्ती होती. जिल्ह्यातल्या बहुतेक संघांचे टी-शर्ट मीच छापायचो. कुणाच्या पाठीवर कुठला नंबर, हे मला तोंडपाठ. मग मॅचला जायची गरजच काय? मैदानावरून ओळखीचं कुणी तरी फोन करायचं — चार नंबर भारी खेळला, नऊ नंबर पडला — आणि मी दुकानात बसल्या बसल्या नंबराच्या जागी नाव घालायचो. वरून थोडी धूळ, थोड्या टाळ्या, ‘प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतले’. वाचणाऱ्याला वाटायचं, हा माणूस दोरीला टेकून उभा होता. तसं वाटावं म्हणूनच लिहायचो. हा खोटेपणा नाही का? आहे. पण तो सांगायला मी बसलेलो नाही. तो लहान आहे. मोठ्याकडे जायला मला जरा वेळ लागतोय, तेवढं समजून घ्या.

त्या वर्षी आमच्या जिल्ह्याच्या मुलींच्या कबड्डी संघाचे टी-शर्ट माझ्याकडे आले. संघात जवळच्या कामठा गावची एक मुलगी होती, करुणा. वडील राइस मिलमध्ये पोती उचलायचे. अंगापिंडानं दणकट, हसायला लागली की अर्धं दुकान बघायचं. दुसरी होती वैशाली, शेतकऱ्याघरची, काडीसारखी बारीक, अबोल. करुणाचा नंबर तीन. वैशालीचा सात. घाईत मी दोघींची मापं उलटी केली. तीन नंबर लहान टी-शर्टवर छापला आणि सात नंबर मोठ्यावर. रबराचा रंग एकदा बसला की निघत नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघ मॅच खेळायला परगावी निघणार, आणि आदल्या संध्याकाळी करुणा दुकानात आली. टी-शर्ट अंगाला लावून दाखवत म्हणाली, “भाऊ, हा मले होऊनच नाही राहिला.”

समोर रात्रीच्या क्रिकेटच्या टी-शर्टांचा ढीग पडला होता. मी मान वर न करता म्हणालो, “आता दुसरा छापायले टाइम कुठं आहे? वैशालीचा घालून घे. आपसात बदलून घ्या, कोन पाह्यते!”

“चालते का असं?”

“चालते.”

ती गेली. मी ते विसरलो. विसरलो हे खरं आहे, पण त्यानं मला काही सूट मिळत नाही, हे पुढं कळेलच.

शेवटच्या मॅचच्या दिवशी मी अर्थातच दुकानात होतो. तिथं माइकवर बोलणारा एक जण माझ्या ओळखीचा होता, त्याचा फोन आला. मागून एवढा गलका की त्याला ओरडून बोलावं लागत होतं. तुमची सात नंबर काय खेळली, म्हणाला, हरलेली मॅच काढली तिनं. शेवटच्या चढाईत दोघींना शिवून, कोपरांवर सरपटत मधली रेघ गाठली. मी नाव विचारलं. तो म्हणाला, नावं कोण बघतं, सात नंबर लिहा. सात म्हणजे वैशाली. मी लिहून टाकलं. चांगली लिहिली होती हो बातमी! वैशालीचा दम, वैशालीची नजर, वैशालीच्या कपाळावरची माती — सगळं मी ‘पाहिलेलं’. तीन कॉलम आली, फोटोशिवाय.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची. बरोबर आहे. पण दुरुस्ती कुणी मागितलीच नाही, आठवडाभर तरी. संघाच्या सरांना ठाऊक होतं, मुलींना ठाऊक होतं. पण यादीत एक नाव आणि अंगावर दुसरीचा नंबर, हे बाहेर आलं तर जिंकलेला कप परत द्यावा लागेल, अशी सरांना धास्ती. त्यांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. करुणाही गप्प बसली असती, मला वाटतं. कप तिलाही हवाच होता. पण मग राज्याच्या संघासाठी आमच्या जिल्ह्यातून चढाई करणारी एकच मुलगी पाठवायची ठरली, आणि कागदावर सात नंबरसमोर नाव होतं वैशालीचं.

राज्यावर खेळल्याचं सर्टिफिकेट म्हणजे काय, हे आमच्याकडच्या पोरींना विचारा. पोलीस भरतीत त्याला वेगळी जागा असते. करुणा त्यासाठीच खेळायची. वडिलांच्या पाठीवरचं पोतं उतरवायचं, हे ती उघड बोलून दाखवायची, लाजायची नाही.

वडील तिला घेऊन जिल्हा कबड्डी संघटनेच्या सचिवांकडे गेले. सचिव तसे सरळ माणूस. सर म्हणाले, कागदावर आहे तेच खरं. मुलींनी माना खाली घातल्या. तेव्हा सचिवांनी माझी बातमी पुढे ओढली आणि म्हणाले, हा माणूस तिथं हजर होता, याचा दोघींशी संबंध नाही, याला विचारू. आणि मला बोलावणं आलं.

बघा, किती सोपं होतं ते. एक वाक्य. ‘मी मॅचला गेलोच नव्हतो.’ नाहीतर दुसरं — ‘टी-शर्ट मीच चुकीचा दिला आणि बदलायलाही मीच सांगितलं.’ दोन्हींतलं कुठलंही चाललं असतं. रस्त्यानं जाताना माझ्या मनात काय होतं? खरं सांगू? रस्त्यानं जाताना ती संध्याकाळ मला आठवली, तिचा तो प्रश्न आठवला, आणि मी स्वतःला म्हणालो, सांगून टाकू. सायकल लावेपर्यंत तसंच ठरलं होतं.

आत टेबलाशी सचिव, बाजूला सर. वैशाली भिंतीला चिकटून. करुणाचे वडील आत न येता दारातच उभे, कामाचा खाडा करून आलेले, खांद्यावरचा गमछा हातात धरून. करुणानं मला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. सुटली, असं तिला वाटलं. कोपरावर खपली धरली होती, मातीवर सरपटल्याची. ती तिनं झाकली नव्हती.

सचिव म्हणाले, “भाई, आप तो वहाँ थे ना? सिर्फ इतना बोलो, सात नंबर कौन थी?”

आप तो वहाँ थे ना. त्या प्रश्नालाच मी अडखळलो. नव्हतो म्हणालो असतो तर आजवरच्या सगळ्या मॅचेस गेल्या असत्या माझ्या. पेपर गेला असता. बाजारात हसले असते — मी त्या हसण्याला घाबरलो. कुणी धमकी दिली नव्हती. वैशालीच्या घरच्यांनी एक शब्द टाकला नव्हता. जातीपातीचा विचार माझ्या मनात होता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. दारात उभ्या असलेल्या हमालापेक्षा खुर्चीवरचा माणूस मला मोठा वाटला, एवढं नक्की. बाकी तुम्ही समजा.

मी म्हणालो, “वैशाली थी. मैंने देखा है.”

करुणाला आधी ऐकूच आलं नसावं. मग ती म्हणाली, “भाऊ, तुमीच तं मनलं होतं, बदलून घ्या मनून. सांगा ना.”

“मी? मी कायले असं मनीन?”

हे मी म्हणालो. चिडून म्हणालो, जसा खरा माणूस खोट्या आरोपावर चिडतो तसा. तो चिडका आवाज कुठून आला, हे मला आजही कळत नाही. तिनं नुसतं कोपर पुढे केलं. मी ते पाहिलं. त्या मॅचमधलं मी पाहिलेलं तेवढंच. सचिवांनी कागद गोळा केले. वैशाली रडायला लागली, आणि सगळ्यांना वाटलं, आरोप झाला म्हणून रडतेय. दारातून वडील म्हणाले, “चाल बाई.” जाताना त्यांनी मला नमस्कार केला, सवयीनं.

वैशाली राज्यावर खेळली, पुढे पोलिसात लागली. ती बातमीही मीच लिहिली. करुणानं त्या मोसमानंतर खेळ सोडला. मी कधी कामठ्याला गेलो नाही. दुकानात येणारी कामठ्याची ऑर्डर मी भावाकडे द्यायचो, काही तरी कारण सांगून. मॅचला मात्र त्यानंतर जाऊ लागलो. प्रत्येक मॅचला! लोक म्हणतात, किती निष्ठा. मी ऐकून घेतो.

मागच्या हिवाळ्यात कामठ्याकडच्याच एका शाळेनं मला कबड्डीच्या बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून बोलावलं. ज्येष्ठ क्रीडा पत्रकार, असं बोर्डावर लिहिलेलं. नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण बोलावणं आवडलं, म्हणून गेलो. मैदानाच्या कडेला काही बायका शाळेतल्या पोरांचं जेवण शिजवत होत्या. त्यांच्यातली एक पाणी घेऊन आली. केस पिकायला लागलेले, पण मी ओळखली. तिनंही ओळखलं असणार. तिनं पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला.

शाळेतले तरुण गुरुजी उत्साही होते. मला म्हणाले, “या करुणाताई, आमच्याकडे स्वयंपाकाला असतात. जिल्ह्याच्या संघात होत्या म्हणे! पार शेवटच्या मॅचपर्यंत. ताई, तुम्ही कशा खेळला होता, सांगा ना मुलींना.”

समोर बसलेल्या मुली तिच्याकडे बघायला लागल्या. ती ओले हात पदराला पुसत होती.

“नाही जी,” ती म्हणाली. “त्या मॅचमधी मी काई खेळली नाही. वैशाली खेळली होती. भाऊले इचारा, भाऊनं पाह्यली आहे.”

टोमणा असता तर मी बरा सुटलो असतो. तिनं ते एखाद्या जुन्या, ठरून गेलेल्या गोष्टीसारखं सांगितलं. गुरुजी माझ्याकडे वळले, मुली माझ्याकडे वळल्या, आणि तीही उभी राहिली, ऐकायला. आजूबाजूला पेपर नव्हता, सचिव नव्हते, माझं काही जाणार नव्हतं.

मी म्हणालो, “हो. वैशाली फार छान खेळली होती.”

मग त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, आणि मी बक्षिसं वाटायला उभा राहिलो.