नसीमबाईंचे जंत

नात म्हणते, "आजोबा, लॅबातले किस्से लिहून द्या की." चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला ही शिक्षा! आणि किस्से काय, बाटलीच्या तळाशी बसलेला गाळ. जरा हलवलं की सगळं वर येतं.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी लॅबचा शिपाई. नसीमबाई मेंढीच्या कलेजीतल्या जंतांवर संशोधन करायच्या. पानासारखे चपटे जंत. ते आणायला मी सायकलवर कत्तलखान्यात.

तिथला मेहबूबभाई पहिल्या दिवशी हसून लोळला. "सब लोगां अच्छी कलेजी मंगते, तुमना किड्यांवाली होना?" पुढं मात्र माझ्यासाठी राखून ठेवायचा. लांबूनच ओरडायचा, "दगडू, आज लई किडे हैं, मुबारक हो!"

* * *

जंत कोमट पाण्यात जिवंत ठेवायचे. मे महिन्यात मी थर्मासला ओलं पोतं गुंडाळून आणायचो. बाई म्हणायच्या, "पुस्तकात लिहिलंय, उबेत ठेवा. लिहिणाऱ्याला म्हणावं, एकदा सोलापूरला ये!"

* * *

जंताला दोऱ्यानं एका काडीला बांधायचं. तो हलला की काडी फिरत्या नळकांड्यावरच्या काळ्या कागदावर रेघ ओढायची. कागद रॉकेलच्या धुरावर काळा करायचं काम माझं. घरी गेलो की बायको म्हणायची, "कालेजात जाताय का इंजिनावर?"

तो काजळीचा वास अजून आठवतो. आताच्या लॅबात फिनेलशिवाय कसला वास न्हाय!

* * *

एकदा विचारलं, "बाई, यातून औषध कसं निघणार?"

"दगडूभाऊ, बाहेरचा निरोप पेशीच्या दारापर्यंतच येतो. आत न्यायला दुसरा निरोप्या असतो. त्यालाच अडवला, तर जंत लुळा पडेल."

"म्हणजे आपल्या ऑफिससारखंच की! मधला शिपाई रजेवर गेला की सगळं ठप्प!"

बाई इतक्या हसल्या की हातातली नळी फुटली.

* * *

शेवटी विभागप्रमुख बोरकर सर बघायला आले. त्यांना पटलं तर काम पुढं, नाहीतर बंद. आधी निरोपानं जंत हलतो, हे दाखवायचं होतं. बाईंनी पाण्यात त्या निरोपाच्या रसायनाचा थेंब टाकला. जंत वळवळला, रेघ वर उसळली!

सर माझ्यावरच खेकसले, "टेबल हलवतोस होय रे? बाईंनी पढवलंय वाटतं!"

मी तर टेबलापासून लांब, पार भिंतीला चिकटून उभा! बाईंचा चेहरा पांढराफटक.

मी म्हणालो, "सर, आमी जातो भायेर. तुमीच टाका थेंब."

आतून कडी लागली. आम्ही दोघं व्हरांड्यात. बाई ओठ चावत होत्या. बऱ्याच वेळानं दार उघडलं. सरांच्या नाकाच्या शेंड्याला काजळी!

"काम चालू ठेवा, बाई."

मी विचारलं, "सर, आता टेबल कुणी हलवलं?"

"चहा आण!"

आणला. बाई आता नाहीत. सर परवा सात रस्ता चौकात भेटले, माझी तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं. पण माफी? ती बोरकर सरांकडून अजून यायची हाय.