गॉंगूझलर

इंग्रजी शब्दकोशांवर आमच्या हिच्या काकांइतका अविश्वास साऱ्या पुण्यात कोणी दाखवला नसेल. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी ते डिक्शनरी मागत. 'जी' अक्षर काढायचं, पानावरून बोट खाली न्यायचं आणि पुस्तक मिटून यजमानाला परत द्यायचं. "जाड आहे, पण पोकळ." फुटपाथवरचे जुने पुस्तकवाले तर त्यांना लांबून येताना पाहूनच "नाही, काका," असं सांगून टाकत. त्यांना एकच शब्द हवा होता, गॉंगूझलर, आणि तो कुठेच नव्हता. "बघा," ते मला पानावर बोट टेकवून दाखवत, "गॉंग झाला की थेट गोनोरिया. गुप्तरोगाला जागा आहे, आमच्या आजोबांना नाही."

आजोबांचं प्रकरण असं, की काकांचे आजोबा खडकवासल्याच्या कालव्यावर पाटकरी होते. पाण्यावर नजर ठेवायची, दारं उघडायची, बंद करायची. ते निवृत्त झाले तेव्हा गोऱ्या इंजिनिअरने त्यांना स्वतःच्या हाताने दाखला लिहून दिला. साहेबलोक असे दाखले देत, आणि ज्यांना इंग्रजीचं अक्षर येत नसे ते लोक ते जन्मभर जपत. या दाखल्यात एकच वाक्य होतं: साऱ्या कालव्यावर याच्या तोडीचा गॉंगूझलर मी पाहिला नाही. घरच्यांनी तो हुद्दा धरला. काका घराण्यात इंग्रजी शिकलेले पहिले, सरकारी कचेरीत टंकलेखक झालेले. त्यांनी दाखल्याला चौकट केली आणि हुद्द्याचा शोध सुरू केला.

त्यात तेल ओतलं ते मी. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे यायच्या आधीच काकांनी मला तो शब्द विचारला. मी इंजिनिअर. माहीत नाही म्हणावं, तर स्थळ हातचं जायचं. "पाटबंधाऱ्यातला वरचा हुद्दा असतो तो," मी ठोकून दिलं. काकांनी उठून माझा हात हातात घेतला. पुढे कुणी शंका काढली की ते म्हणत, "आमच्या जावईबापूंना विचारा." मी मान हलवत असे.

शब्दकोश संपल्यावर काका साहित्याकडे वळले. वाचनालयातल्या ज्या इंग्रजी कादंबरीच्या मुखपृष्ठावर होडी दिसेल, ती घरी. एकदा चारशे पानांची प्रेमकथा वाचून आले आणि मला म्हणाले, "नायिका बुडाली. शब्द काही वर आला नाही."

मग आमच्या कंपनीत इंटरनेट आलं. जेवणाच्या सुट्टीत मी सहज तो शब्द टाकला, आणि ज्या शोधात काकांची तीस वर्षं गेली तो माझा मिनिटभरात आटोपला. छापील कागद मी आठ दिवस खिशात घेऊन हिंडलो. "सांगू नका," ही म्हणाली, "त्यांना सोसायचं नाही." मीही सांगितलं नसतं, पण त्यांच्या मुलाने वाघोलीला फ्लॅट घेतला, आणि दारावर 'गॉंगूझलर' अशी पितळी पाटी करायला काकांनी दिली. त्या सोसायटीत निम्मी पोरं कॉम्प्युटरवाली. त्यांच्यातलाच कोणी दारात उभा राहून हसला असता, ते मला सोसलं नसतं. मी गेलो.

"काका, शब्द सापडला."

"कुठल्या डिक्शनरीत?"

"विलायतेतल्या कालव्यांची एक जुनी माहितीपुस्तिका होती. तिच्यात नावाड्यांच्या बोलीतल्या शब्दांची यादी आहे, त्या यादीत."

मी कागद पुढे केला. कालव्याच्या काठी तासन्‌तास पाण्याकडे नुसता बघत राहणारा रिकामटेकडा, एवढाच अर्थ होता. मुलगी बघायला आलो तेव्हा मी थाप मारली होती, हेही सांगून टाकलं. काकांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि बराच वेळ धोतराच्या सोग्याने पुसला.

"पाटकऱ्याने पाण्याकडे बघायचं नाही तर काय आरशात बघायचं?" ते अखेर म्हणाले. "आजोबांच्या पाळीत कालवा कधी फुटला नाही. साहेबाला ते रिकामं उभं राहणं वाटलं, तर साहेबाला पाटकरी कळला नाही म्हणायचं. तुम्ही चहा घ्या."

पाटी ठरल्या दिवशी लागली. सोसायटीतल्या पोरांना काका स्वतःहून अर्थ सांगतात, पाण्यावरून नजर न हलवणारा माणूस, आणि पोरं तो मान्य करतात.

पण त्या दिवसानंतर काकांनी डिक्शनरी उघडली नाही. मला वाटलं होतं, उरलेल्या शब्दांवर राग काढतील. परवा ते आमच्याकडे आले. मी मुद्दाम नवी कोरी, भली जाड डिक्शनरी त्यांच्या खुर्चीसमोर टेबलावर ठेवली होती. काकांनी पाणी घेतलं, चहा घेतला, हिच्या गुडघ्याची चौकशी केली. डिक्शनरी जरा बाजूला सरकवून तिथे कपबशी ठेवली, आणि चारचौघांसारखे अर्ध्या तासात निघून गेले.