अक्कांच्या गाण्यांचे फोटो

अक्का बोलायच्या आधी फोन उचलायच्या. हात लांब, मान मागे, चष्म्याच्या वरून स्क्रीनकडे नजर, आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य. "फाईल कोनी उघाडत नही, मास्तरीनबाई. फोटो बठ्ठा देखतस." फाईल कुणी उघडत नाही, फोटो मात्र सगळे बघतात. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला आलेल्या फाइलींपैकी किती तुम्ही उघडल्यात? मग अक्कांना हसायचा आपल्याला काय अधिकार?

जळगावात, पिंप्राळ्याला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी शाळेत शिकवते म्हणून त्यांची मास्तरीनबाई. त्या कोर्टात टायपिस्ट होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांची बोटं की-बोर्डवर अशी आपटायची की माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. जीव सगळा पाचोऱ्याच्या धाकट्या भावावर आणि त्याच्या मुलीवर.

त्या भाचीचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, देवपूरचा. हळद आणि लग्न पाचोऱ्याला एकाच हॉलमध्ये, दोन्हीकडची मंडळी आदल्या दिवशीच येणार. भाऊंनी डीजे ठरवला आणि अक्का बिथरल्या.

"डीजे वाजू दे, माझं काही म्हणणं नाही," त्या मला म्हणाल्या. "पण हळदीला बायकांनी गायचं नाही, हे कुठलं लग्न? माझ्या हळदीला माझ्या आत्यांनी गाऊन गाऊन घसे बसवले होते. मागच्या लग्नात बघितलं ना, सगळ्या भिंतीला टेकून मुक्या उभ्या! मी आत्या आहे तिची. तिला गाण्याशिवाय हळद लागू देणार नाही." तेव्हा मला कळलं, हे खूळ नाही, हे दुखणं आहे.

गाणी येत कुणालाच नव्हती, म्हणजे पुरती येत नव्हती. एकीला पहिली ओळ, दुसरीला एकदम तिसरी. अक्कांनी चुलत्या, मावश्या, नणंदा, सगळ्यांना फोन करून ओळ ओळ गोळा केली. जुळली नाही तिथे स्वतःची घातली. मग सगळी गाणी टाइप करून नातेवाइकांना फाईल पाठवली.

फाईल अक्कांच्या जुन्या टायपिंगच्या फॉन्टात होती. तो फॉन्ट त्यांच्या कॉम्प्युटरवर होता, बाकी कुणाच्या फोनवर नव्हता. तिकडे हळदीच्या गाण्याच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं उमटली. एका मावशीला वाटलं, अक्कांचा फोन कुणीतरी पळवला. दुसरीने तर पोलिसात जायचा सल्ला दिला.

अक्का हटल्या नाहीत. कॉम्प्युटरवर पहिलं गाणं उघडलं, समोर उभ्या राहिल्या आणि फोनने स्क्रीनचाच फोटो काढून पाठवून दिला. गाणं दिसलं. पण काचेत अक्काही दिसल्या, डोक्यावर पदर घेऊन, फोन उंचावून.

"अक्का, यात तुम्हीपण आल्यात."

"मी उनू ते उनू. गानं दिसस ना?"

मला राहवलं नाही. फाईलच्या प्रत्येक पानाचा वेगळा फोटो करून देणारं ॲप मी त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकून दिलं. बटण दाबलं आणि पानांचे फोटो एकामागून एक पडायला लागले, तशा अक्का टाळ्या पिटायला लागल्या. आयुष्यभर टाइप केलेल्या बाईला आपलं अक्षर कुठेही न मोडता जातंय याचं केवढं सुख!

पण पहिल्या खेपेला अख्खं गाणं एका फोटोत. म्हाताऱ्या बायका बोटांनी ते मोठं करणार, मग ओळ स्क्रीनबाहेर पळणार. अक्कांनी सगळं पुन्हा मांडलं. "एका श्वासात मावेल तेवढंच एका फोटोत," हा त्यांचा नियम. टाइप केलं की त्या स्वतः गाऊन बघायच्या. दम लागला की ओळ पुढच्या फोटोत. मग लक्षात आलं, फोनवर फोटो उलटसुलट पोचतात, नवरी आधी सासरी जाते आणि हळद नंतर लागते. म्हणून कोपऱ्यात ठळक आकडे आले. महिनाभर आमच्या भिंतीपलीकडे हाच कारखाना चालू होता.

आता खरी गंमत ऐका. आपल्याकडे हळदीला विहिणीची थट्टा करणारी गाणी असतात. अक्कांनी धुळ्याच्या विहिणीवर खास एक रचलं होतं. विहीणबाईंना मी साखरपुड्यात पाहिलं होतं, भरदार बाई, जाड भिंगाचा चष्मा. गाणं असं होतं:

"ईहीनबाई ईहीनबाई, चष्मा लावा डोयाले,
मांडव सोडीसन चालन्यात कशा म्हशीस्ना गोठाले!"

हे मांडवात तोंडावर म्हणायचं असतं, तोवर समोरच्यांना पत्ता लागू द्यायचा नसतो. अक्कांनी ते फोटो आपल्या बायकांच्या ग्रुपवर पाठवायच्या ऐवजी दोन्ही घरांच्या लग्नाच्या ग्रुपवर टाकले. त्यात विहीण होती, विहिणीच्या जावा होत्या, नवरदेव होता.

घाबरून त्यांनी डिलीट दाबलं. फोटो गायब झाले. "गयात!" म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. मी गुपचूप माझा फोन पुढे केला, भाऊंनी मलाही त्या ग्रुपवर घेतलं होतं. त्यावर ईहीनबाई जागच्या जागी होत्या. अक्कांनी फक्त स्वतःपुरतं डिलीट केलं होतं.

धुळ्याहून कुणी काही लिहिलं नाही. हसणारा चेहरा नाही, अंगठा नाही, काही नाही. पाचोऱ्याहून भाऊंचा फोन मात्र आला. "अक्का, तू लग्न मोडशील! मी आता तिकडच्यांना कोणत्या तोंडाने बोलू? गाणंबिणं काही नाही, फक्त डीजे." एरवी त्यांना उलट दोन ऐकवणाऱ्या अक्कांनी फोन ठेवला आणि कॉम्प्युटर बंद केला. भाचीचं काही बिघडलं तर आपल्यामुळे, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

हळदीच्या संध्याकाळी त्या हॉलच्या कोपऱ्यात खांबाआड बसल्या. फोन पर्समध्ये, पर्स मांडीखाली. मी शेजारी. भाची पिवळ्या साडीत पाटावर बसलेली, सारखी मान वळवून आत्याला शोधत होती. भाऊंनी डीजेवाल्याला हात केला.

तेवढ्यात विहीणबाई उठल्या. जाड चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि सरळ आमच्या खांबाकडे निघाल्या. त्यांच्या मागे जावा, नणंदा, निम्मं देवपूर. अक्कांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

विहीणबाईंनी फोन काढला, अक्कांच्या नाकासमोर धरला. "हाई तुम्हीच धाडेल शे का?"

"हो," अक्का कशाबशा म्हणाल्या. "चुकी व्हयनी, ईहीनबाई."

"कसानी चुकी? आठ दिन व्हयनात, आम्ही बठ्ठ्या जवाब पाठ करी राहिन्यात!" असं म्हणून त्या बाईंनी कमरेवर हात ठेवला आणि हॉल दणाणून सोडला:

"चष्मा मन्हा नंबरना, माले दिसस बठ्ठं,
आत्याबाईना मांडाले पडनं भगदाड मोठं!"

मागच्या सगळ्यांचे फोन वर गेले. त्यांनी जबाब टाइप केला होता, त्याचेही फोटो केले होते, कोपऱ्यात ठळक आकडे टाकून! अक्कांची पद्धत त्यांनी जशीच्या तशी उचलली होती. ग्रुपवर शांतता होती ती रागाची नव्हती, तयारीची होती.

अक्कांनी क्षणभर तोंडाला पदर लावला. मग मांडीखालची पर्स ओढून फोन काढला आणि उभ्या राहिल्या. पुरणाचे मांडे सुपाएवढे आणि पातळ करायची त्यांची ख्याती, त्यावर भगदाडाचा आळ सहन होणार होता थोडाच! इकडून जळगाव-पाचोरा, तिकडून धुळं, मध्ये हळदीने माखलेली पोर हसून हसून लोळायची बाकी. ज्या मावशीने पोलिसात जायला सांगितलं होतं, तिचा आवाज सगळ्यांत वर. भाऊ पुन्हा डीजेकडे वळले तेव्हा बायकांनी त्यांनाच खाली बसवलं. डीजेवाल्याने आपणहून माइक आणून अक्कांच्या हातात दिला आणि खुर्ची ओढून ऐकत बसला. अक्कांचा घसा दुसऱ्या दिवशी अक्षतांच्या वेळी पुरता बसलेला होता. कुणी काही विचारलं की त्या नुसता फोन उंच करून दाखवायच्या.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. भिंतीपलीकडे आता आवाज नसतो. पोळ्या लाटताना अजून मी थांबते, ऐकते. फार आठवण येते त्यांची.

पण परवा काय झालं, ते सांगायलाच हे लिहायला घेतलं. शाळेतल्या सहकारी बाईंच्या घरच्या लग्नाला धुळ्याला गेले होते. हळदीला डीजे बंद करून बायका उभ्या राहिल्या, सगळ्यांचे फोन हातात. एकीलाही मी ओळखत नव्हते. शेजारच्या बाईंच्या फोनमध्ये डोकावले तर हळदीचं पहिलं गाणं. कॉम्प्युटरच्या काचेचा फोटो.

"हे कुणी पाठवलं तुम्हाला?" मी विचारलं.

"कोन जाने, बाई. बठ्ठास्कडे शे."

त्यांनी मलाही नीट दिसावं म्हणून फोन माझ्याकडे कलता केला. ओळींच्या मागे, काचेत पुसट, डोक्यावर पदर घेतलेली बाई उभी होती. हात लांब, मान मागे, फोन उंच. समोरच्या सगळ्या बायकाही अगदी तशाच उभ्या होत्या. मी माझा फोन काढला, हात लांब केला आणि दुसरी ओळ धरली.