सकाळी गुंडाळलेली मच्छरदाणी

घरात तापानं फणफणलेलं माणूस असलं, की उजाडताच त्याची मच्छरदाणी तुम्हीही वर गुंडाळता ना?

कमलआत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बारामतीच्या दवाखान्यातून तिच्यासाठी मऊ भात करायला खोलीवर आले होते. डेंग्यूचा ताप उतरला होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ताप उतरतानाच धोका वाढू शकतो, हे नंतर कळलं...

निमगाव केतकीला आत्याच्या घरात आधी आजारी पडली तिची सून, सविता. आत्यानं तिची खाट ओसरीत मांडली. वारा लागतो, भेटायला येणाऱ्यांना बसता येतं. रात्री मच्छरदाणी सोडायची, सकाळी गुंडाळून खिळ्याला अडकवायची. मी गेले तेव्हा अंगणात कोवळं ऊन होतं आणि सविताच्या घोट्यावर पांढऱ्या पट्ट्यांचा डास.

"आत्या, हा दिवसाच चावतो. मच्छरदाणी सोड."

"अगं बये, माणसं भेटायला येत्यात. जाळीआडनं बोलायचं व्हय? तुरुंग हाय का ह्यो?" मग जमलेल्या बायकांना म्हणाली, "चार पत्रकं वाचून आलीया. आता माझ्या ओसरीत सभा घेणार!"

सगळ्या हसल्या, सविताही. हसत हसत आत्यानं पदरानं डास हाकलला.

हाकललेला डास उपाशी जात नाही. ही मादी एका जागी बसून पोट भरत नाही. हात हलला की उडते आणि शेजारच्याला टोचते. तापाच्या माणसाचं रक्त प्यायल्यावर आठ-दहा दिवसांत तिच्यात विषाणू वाढून तयार होतो. मग तिची एकच भूक भागेपर्यंत ओसरीतल्या किती जणांना ती तो देऊन जाते! सविता बरी झाली, आत्यानं शेजारी शिरा वाटला, आणि आत्याच आडवी झाली. खाट तीच, ओसरी तीच. मच्छरदाणी वरच. तिला भेटायला तर अख्खी आळी आली. ती गेल्यावर आळीत आणखी तापाची माणसं निघाली.

माझा राग तिच्यावर नाही. गावात वाटलेल्या पत्रकावर मच्छरदाणीत निजलेलं कुटुंब होतं आणि वर चंद्र. दिवसा चावणाऱ्या डासासाठी चंद्र! पत्रकानं माणूस शहाणा होतो यावर माझा विश्वास आहे, म्हणूनच ते चित्र मला माफ करवत नाही.

ओसरीतल्या खिळ्याला ती मच्छरदाणी अजून लटकतेय, आत्यानं मारलेल्या गाठीसकट. सविता कुणाला हात लावू देत नाही.

तुमच्या घरातली मात्र खाली सोडा. तापाच्या माणसावर, भरदिवसा. भेटायला आलेल्यांना चहा द्या, आणि जाळीबाहेरूनच बोलायला सांगा. रुसले तर रुसू द्या.