लाल फडक्याचं मशीन

माझी सासू झांबिला म्हणजे तोंडाचा पट्टा. आम्ही रुमानियातले भांडी घडवणारे रोम, लोक ज्यांना जिप्सी म्हणतात ते. आमच्यात बाईच्या कमरेखालचं कापड पुरुषाच्या सदऱ्याबरोबर एका पाण्यात पडलं, की सदरा बाटलाच. टोपलं वेगळं, पाणी वेगळं, साबणाची वडीसुद्धा वेगळी. आता हे युरोपला कोण सांगणार?

युरोपच्या पैशातून आमच्या वस्तीत धुलाईघर झालं. दोन मशीनं, आणि दारावर चांदण्यांची निळी पाटी. राखणीला सासूला नेमलं. तरुणपणी सरकारी शेतात बीट उपटून तिची नोकरी चौदा वर्षं तीन महिने भरली होती. पेन्शनला पंधरा वर्षं लागतात. म्हणजे धुलाईघर नऊ महिने चालायला हवं, बस्स. बंद पडलं तर म्हातारपणी सुनेच्या तोंडाकडे बघणं आलं, आणि सून मी! तिची झोप उडाली यात नवल ते काय.

उद्घाटनालाच घात झाला. प्रकल्पाच्या कोरिनाबाईंनी फोटोसाठी जेवणाच्या टेबलावरची चादर आणि स्वतःचा घागरा एकाच मशीनमध्ये कोंबला. बायकांनी डोळे झाकून घेतले. दोन महिने तिकडे चिटपाखरू फिरकलं नाही. कोरिनाबाईंनी वर कळवलं की महिलांना बटण दाबता येत नाही, आणि चार दिवसांचं शिबिर मंजूर करून आणलं. तिसऱ्या दिवशी सासू उठली.

"बाई, बटण कोंबडीलाही दाबता येईल. तुम्ही बाटवलेलं मशीन खालच्या कपड्यांना, कोरं मशीन वरच्या. मी ह्याला लाल फडकं बांधते. तुम्ही फक्त गप्प बसा."

आठवड्यात दारात रांग लागली.

मुदत भरायला तीन आठवडे उरले असताना वरून तपासनीस आला. तरणाबांड, मनाने बरा. पण फडकं काय आहे हे कोरिनाबाईंकडून कळल्यावर तो लालबुंद झाला.

"हा तर भेदभाव! बायकांचे कपडे वेगळे? माझ्यासमोर सगळं एकत्र धुवा. नाहीतर मला हे बंद करा म्हणून लिहावं लागेल."

बायका टोपली घेऊन बाहेर उभ्याच होत्या. एकीच्याही नवऱ्याचा सदरा बाटला असता, तर पुन्हा कुणी पाऊल टाकलं नसतं. आणि नाही म्हणावं, तर ह्याचं पेन तयार. सासूचा चेहरा पांढराफटक पडला. आमचं कधी पटलं नाही, पण खोटं कशाला बोलू, मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

मग तिने कॉफीचा कप उचलला, साहेबाला द्यायला गेली आणि सगळा त्याच्या छातीवर ओतला.

"अगं बाई गं! काढा साहेब, सदरा काढा. एकत्र धुवायचंय ना? तुमच्यापासूनच सुरू करू."

तिने त्याचा सदरा आणि स्वतःचा जुना घागरा लाल फडक्याच्या मशीनमध्ये घातला. साहेब बनियनवर उभा राहून खूश! तासाभराने ओलाच सदरा अंगात घालून तो निघाला. कागद गाडीच्या टपावर ठेवला आणि सहीआधी सगळ्यांशी हात मिळवायला वळला. बायकांनी पटापट हात पाठीमागे घेतले. बाटलेल्या माणसाला कोण शिवणार? त्याचा हात तसाच हवेत राहिला. बिचाऱ्याचा चेहरा पडला, पेन थांबलं.

"आत्याबाई, नको," मी कुजबुजले.

"गप गं," म्हणाली, पुढे झाली, आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. साहेबाने सही केली.

पुढे पेन्शन बसली. पण सही झाली त्याच संध्याकाळी, बाटलेल्याला शिवली म्हणून, पंचांनी तिला आठ दिवस वेगळं ताट लावलं, घराबाहेर, एकटीला. पहिल्या रात्री मक्याची उकड आणि चीज घेऊन मी रडतच गेले.

"रडतेस कशाला?" सासू म्हणाली. "माझं लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा गरम जेवतेय."