चूलबंद आवतन

फोन आला तेव्हा मी आदिलाबादला लेकीकडे होते, कुकरच्या शिटीची वाट बघत. ह्यांचा आवाज इतका शांत होता की मला वाटलं, कापसाच्या भावाचं काहीतरी सांगताहेत. "धनू गेला," ते म्हणाले. "च्या पेला अन् ओसरीतच झोपल्यावानी..." गॅस बंद करायचंही मला सुचलं नाही, तो लेकीनेच केला. त्याला आता दीड महिना होत आला.

धनराज माझे धाकटे दीर. नार्नूरकडच्या आमच्या गावात त्यांना सगळे धन्या म्हणायचे. शेंबड्या पोरांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांचंच अरे-तुरे. मी मात्र भाऊजी म्हणायचे. त्यात माझा मोठेपणा काही नाही, दिराशी आमच्याकडे असंच बोलतात. पण नवी नवरी असताना पहिल्यांदा "भाऊजी, तुमी जेवता का?" असं विचारलं तेव्हा ते मागे वळून बघायला लागले, आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून. मग इतके हसले की ठसका लागला. डाउन सिंड्रोम हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला, आदिलाबादच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितला तेव्हा. त्याआधी नुसतं 'साधा आहे'. हृदय जन्मापासून कमजोर, जीभ जड, मान आखूड... आणि स्वभाव विचाराल तर एक नंबरचा हट्टी. लाडू लंपास करण्यात तर मांजर परवडलं! लोक आता "देवमाणूस होता" म्हणतात तेव्हा मला राग येतो. माणूस होते म्हणा, तेवढं पुरे.

आमच्या गावात जेवणाचं आवतन अजूनही तोंडी लागतं. पत्रिका छापा, फोनवर पाठवा, पण दारात येऊन कुणी बोललं नाही तर लोक जेवायला येत नाहीत आणि वर वर्षभर ऐकवतात. त्यातही प्रकार आहेत. एक घरटी एका माणसाचं, दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. माझ्या लेकीच्या बारशाला सासऱ्यांचा पाय सुजला, हे कापूस घेऊन बाजारात अडकले आणि आवतन राहून गेलं. भाऊजींनी पांढरा सदरा चढवला आणि निघाले. सासूबाई मागून ओरडत राहिल्या, "अरे, भावकीले चूलबंद, बाकीच्याईले एक एक माणूस!" त्यांनी ते ऐकलं की नाही, देव जाणे. गावभर चूलबंद देऊन आले. रेड्डींच्या दारात तेलुगूत "अंदरू रावाली", चाचांच्या दारात "सब के सब आना", जिथली जी भाषा ती. संध्याकाळी गाव लोटलं. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. भात पुन्हा टाकावा लागला आणि वरणात पाणी किती वाढवलं ते विचारू नका. पण जाताना बायका म्हणाल्या, "लय दिवसानं कोनं घरच्या घर बोलावलं माय!" तेव्हापासून कुणाचंही कार्य असो, आवतन भाऊजींनीच द्यायचं असं होऊन बसलं. धाप लागेपर्यंत फिरायचे, मी थांबवलं तरी ऐकायचे नाहीत.

मला मात्र एक गोष्ट सलायची. आवतन भाऊजी देणार आणि पंगत बसली की "धन्या, तू मांगून जेव" म्हणून त्यांनाच बाजूला करणार. मग मंडपाच्या टोकाला, हातात पत्रावळ धरून, एकट्याने जेवायचं. का, तर सांडतात, पाहुण्यांत बरं दिसत नाही. सासूबाईही म्हणायच्या, "जाऊ दे ना, पोटाले भेटते ना त्याले." पोटाला मिळत होतं, खरंच आहे. एका लग्नात वाढपी असाच त्यांना उठवायला आला, तर भाऊजी मांडी सोडेनात. मी बायकांच्या पंगतीतून उठणार, एवढ्यात त्यांचाच आवाज आला. एकेक शब्द ओढत, जड जिभेने... "आवतन म्या देल्लं. चूलबंद. मी बी चुलीचाच." नवरीच्या बापाने वाढप्याच्या हातातली बादली घेतली आणि स्वतः त्यांच्या पानात वाढलं. त्यानंतर त्यांना पंगतीतून उठवायची कुणाची छाती झाली नाही. सांडायचं ते सांडतच राहिलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मला वाटलं होतं, झालं. गावाने त्यांना आपल्यात घेतलं, आता आणखी काय हवं?

भाऊजी गेल्यावर तेरवीचं, तेराव्याच्या जेवणाचं, आवतन द्यायला हे आणि मी निघालो. पहिल्याच दारात रेड्डीकाकूंनी आम्हाला बोलूच दिलं नाही. "आवतन त्यानं कवाचंच देऊन ठेवलं हाय," त्या म्हणाल्या. आम्ही विचारलं, कशाचं? "त्याच्या लगनाचं." पुढच्या दारात तेच, त्याच्या पुढच्या दारातही तेच. दुसऱ्याचं आवतन सांगून झालं की निघताना भाऊजी प्रत्येक घरी हळूच म्हणायचे, "अन् माह्या लगनाले बी या. चूलबंद." घरी मात्र कधी चकार शब्द नाही. गावातल्या इतक्या लग्नांचं बोलावणं त्यांनी केलं; त्यांनाही स्वतःचं लग्न हवं असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनाला शिवलंच नव्हतं. हे तिथेच कुणाच्या तरी ओट्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

तेरवीला सगळं गाव आलं, घरच्या घर. पंगत मांडत होतो तेवढ्यात शेजारची अनसूयाकाकी काठी टेकत आली. अंगावर जरीकाठाचं जांभळं लुगडं, ठेवणीतलं, डांबरगोळ्यांचा वास येणारं. बायकांत कुजबुज सुरू झाली, तेरवीला हे काय नेसली म्हातारी! माझ्याही तोंडून निघून गेलं, "काकी, हे काऊन नेसल्या?"

काकीने पदर सावरला. "त्याले कबूल केलं व्हतं माय, तुह्या लगनाले हेच नेसून येईन म्हणून. भेटला का इचारे, लुगडं ठेवलं ना काकी..."

मी तिचा हात धरून तिला पंगतीत बसवलं.